कशावरून वहिनी

माझ्या वहिनीला तिच्या ऑफिसात ‘कशावरून’ म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. ‘कशावरून आल्या का?’ ‘ते कशावरूनना विचारा.’ घरी आम्ही तसं म्हणत नाही, कारण घरी तो शब्द ती स्वतःच इतका वापरते की आमच्या वाट्याला उरत नाही.

तुम्ही म्हणा, ‘दूध तापलंय.’ ती म्हणणार, ‘कशावरून?’ आणि उठून बघून येणार. दूध तापलेलंच असतं, पण तिच्या चेहऱ्यावर भाव असा की या खेपेला सुटलात. बाहेर जाताना कुलूप ओढून बघते, जिना उतरते, परत चढते आणि पुन्हा ओढून बघते. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ आणि तिचा नवरा, तोवर खाली रस्त्यावर उभा राहून बुटाच्या नाड्या सोडतो आणि बांधतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं म्हणतात. ही बाई साधं पाणी फुंकून पिते, आणि तोंड कधी पोळलं होतं ते मात्र सांगत नाही.

तिच्या धंद्याला हा स्वभाव शोभतो, हे मला फार उशिरा कळलं. दादाने घरी पहिल्यांदा तिचा विषय काढला तेव्हा तो म्हणाला होता, ‘ती कर्नलमध्ये काम करते.’ बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि विचारलं, ‘कोणत्या पलटणीत?’ मग दादाने समजावलं. कॉम्प्युटरमधल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. पडद्याने कधी उजळायचं, आवाजाने कधी बोलायचं, हे सगळे हुकूम तोच सोडतो. ‘म्हणजे कर्नलच की,’ असं म्हणून बाबांनी भिंग परत डोळ्याला लावलं. लग्नाला त्यांची हरकत तेवढ्यावर संपली.

बाबा घड्याळजी. घराच्या खालीच दुकान होतं. आता तिथे मी मोबाईलची कव्हरं विकतो, आणि त्याबद्दल मला कोणी काही बोललेलं चालत नाही. बाबांच्या दुकानातली सगळी घड्याळं एकच वेळ दाखवायची. चुकलेलं घड्याळ त्यांना बघवायचंच नाही. दवाखान्यात जाऊ दे, परक्याच्या घरी जाऊ दे, आधी खुर्ची ओढून भिंतीवरच्या घड्याळाचे काटे लावणार आणि मग आपल्या कामाचं बोलणार. बोलणंही कमीच, आणि बोलून झालं की उत्तराला थांबणं नाही. त्यांच्या वाक्याचा शेवटचा शब्द आम्हाला नेहमी जिन्यावरून ऐकू यायचा. आईशी भांडतानाही तेच. ती बिचारी रिकाम्या दाराशी भांडण पुरं करायची.

आई गेली, आणि तिच्यामागे काही वर्षांनी बाबांना झटका आला. उजवा हात गेला, पाय अधू झाले, वाचा गेली. डोकं मात्र होतं तसंच, लख्ख. दवाखान्यातून एक पुठ्ठा दिला होता, एका बाजूला ‘हो’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नाही’. बाबांनी तो खिडकीतून फेकला आणि तो माझ्या दुकानाच्या छपरावर पडला. वाऱ्याने उलटापालटा होत कधी हो म्हणायचा, कधी नाही.

मग वहिनीने यंत्र आणलं. तिच्या कंपनीत वाचा गेलेल्या माणसांसाठी बोलतं यंत्र बनवतात: पाटीएवढं, पुस्तकासारखं कव्हर असलेलं. बोटाने अक्षरं जुळवायची, ‘बोल’ असं बटण आहे ते दाबायचं, की आतून एक भरदार पुरुषी आवाज बोलतो, बातम्या सांगितल्यासारखा. बाबा डाव्या हाताच्या एका बोटाने बराच वेळ अक्षरं शोधत राहिले. इतक्या महिन्यांनी घरात त्यांचं पहिलं वाक्य उमटलं ते असं: ‘भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय.’ दादा रडला. मीही रडलो असतो, पण मला आधी घड्याळ लावायला पाठवलं.

कव्हर मिटलं की यंत्र झोपायचं, उघडलं की जागं व्हायचं आणि जिथे होतं तिथून पुढे चालू लागायचं. वहिनीचं काम नेमकं हेच: यंत्राला झोपवणं आणि उठवणं. मी तिला म्हणायचो, ‘पाळणाघरात नोकरी केली असतीस तरी चाललं असतं.’ ती म्हणायची, ‘पोरं रडून सांगतात तरी.’

यंत्रामुळे बाबा वरच्या मजल्यावर दिवसा एकटे राहू शकत होते. काही लागलं की आवाज मोठा करून बोलवायचे आणि मी दुकानातून वर यायचो. दादाचा जीव तरी थाऱ्यावर नव्हता. एका संध्याकाळी तो बाबांच्या समोर बसला आणि त्याने विषय काढला. थोडे दिवस तुम्ही एखाद्या देखभाल केंद्रात राहा, तिथे नर्स असतात, डॉक्टर असतात. ‘मी ऑफिसात असतो, हा खाली दुकानात. मला भीती वाटते हो बाबा. काम सुचत नाही.’

बाबांनी यंत्र पुढे ओढलं. अक्षरं जुळवली, बोल दाबलं. यंत्र म्हणालं, ‘तुझ्यापेक्षा मला…’ आणि तेवढ्यात बाबांनी कव्हर खाडकन मिटलं. पाय जिन्यावर नेऊ शकत नव्हते, म्हणून कव्हर.

दादाने ते उघडलं. पडदा काळा. बटण दाबून धरलं, तेव्हा कुठे यंत्र नव्याने सुरू झालं. जुळवलेलं वाक्य गेलं होतं. दादा म्हणाला, ‘काय म्हणत होता, बाबा?’ बाबांनी मान फिरवली.

आता, अर्धं वाक्य हे फार वाईट. ते जो तो आपल्या संशयाने पुरं करतो. दादाच्या मनात ते पुरं झालं ते असं: ‘तुझ्यापेक्षा मला धाकटा बरा.’ मला हे कसं कळलं? कारण मीही ते तसंच पुरं केलं होतं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मला बरंही वाटलं. दादा मात्र त्यानंतर बाबांजवळ बसेनासा झाला. ‘चहा ठेवलाय,’ ‘गोळी घ्या,’ एवढंच. आणि माझ्याशी बोलताना उगाच ‘तू काय बाबा, लाडका,’ असं.

वहिनी म्हणाली, ‘पुढचे शब्द कुणी ऐकलेत का? नाही ना? मग धाकटा बरा कशावरून?’ पण तिला वाक्यात तेव्हा रस नव्हता. तिला यंत्रात होता.

कारण यंत्र पुन्हा मेलं. आठवड्यात आणखी एकदा, मग आणखी. प्रत्येक वेळी नाही; तसं असतं तर बरं झालं असतं. पन्नासदा मिटावं आणि नीट उठावं, आणि मग एकदा मिटावं तर काळा पडदा. आणखीही काही घरांतून तशाच तक्रारी येत होत्या. ऑफिसात मात्र तेच यंत्र दिवसभर उघडमीट केलं तरी एकदाही मरत नव्हतं. मी एकदा गमतीने म्हटलं, ‘बाबा रागावले की मरतं. त्याला त्यांचा राग सोसत नाही.’ वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि ती आत गेली. मला वाटलं, विनोद कळला नाही.

तिच्या साहेबांनी सांगून टाकलं की पुढच्या बैठकीपर्यंत कारण सापडलं नाही तर सगळी यंत्रं घराघरांतून परत मागवायची. वाचा गेलेल्या माणसाला दगा देणारं यंत्र देण्यापेक्षा न दिलेलं बरं. त्यांचं चूक नव्हतं. पण यंत्र गेलं की बाबांचा आवाज जाणार होता, आणि वर एकट्या बसलेल्या मुक्या माणसाला घरी ठेवायला दादा तयार होणार नव्हता. केंद्राचा रस्ता सरळ दिसत होता. बाबांनाही दिसत असावा. हल्ली ते खिडकीकडे तोंड करून बसायचे.

वहिनीचा पहिला संशय पडदेवाल्यावर. पडदेवाला म्हणजे तिच्याच खोलीतला एक इंजिनिअर. यंत्राचा पडदा उजळवणारा आणि मालवणारा भाग त्याने लिहिलेला, म्हणून हे नाव. ‘कशावरून?’ म्हणून मी विचारलं, एकदा तरी मला विचारू दे. ती म्हणाली, ‘फार गोड बोलतो. आणि मी आले की चहाला जातो.’ त्याच्या कामात तिने इतक्या वेळा नाक खुपसलं की त्याने साहेबांकडे तक्रार केली आणि मग तो चहाला गेला की लवकर परतच येईना. त्यामुळे तिचा संशय आणखी वाढला.

मग एका आठवड्यात वहिनी विचित्र वागू लागली. संध्याकाळी ऑफिसातून आली की चपला काढायच्या आधी बाबांच्या टेबलाशी जायची. यंत्राचा पडदा बघायची. ‘आज बंद पडलं होतं का?’ विचारायची. बाबा मानेने हो म्हणायचे. ती परत पडद्याकडे बघायची, तोंड आंबट करायची आणि आत जायची. काय बघतेस विचारलं तर ‘काही नाही.’ दादाला तिने विचारलं, ‘तू या यंत्राला हात लावतोस का?’ दादा म्हणाला, ‘मी कुणालाच हात लावत नाही हल्ली.’

मग पाळी माझी आली. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी ती येऊन काउंटरला टेकली.

‘भाऊजी, दिवसभर यंत्राजवळ कोण असतं?’

‘मी असतो. म्हणजे मी खाली असतो, यंत्र वर असतं.’

‘बंद पडलं की सुरू कोण करतं?’

‘मी. बटण दाबून धरतो. तूच शिकवलंस.’

‘आणि मग?’

‘मग काय? मग खाली येतो.’

‘तारखेला हात लावता?’

‘तारखेला हात कसा लावतात?’

‘तेच विचारतेय,’ ती म्हणाली. फौजदारासारखी.

माझं डोकं फिरलं. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण आपल्याच दुकानात आपलीच उलटतपासणी! मी म्हटलं, ‘वहिनी, तुला माझा संशय असेल तर सरळ सांग. मी उद्यापासून वर पाऊल टाकत नाही. मग तुझे बाबा नि तुझं यंत्र, बघा काय ते.’ ती शांतपणे म्हणाली, ‘संशय सगळ्यांचा आहे. तुमचा एकट्याचा नाही, वाईट वाटून घेऊ नका.’ यात समाधान मानायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेलीच नाही. सकाळी तयार झाली, पिशवी घेतली, कुलूप ओढून बघण्याचा सगळा सोहळा केला आणि मागच्या दाराने परत येऊन स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. मला म्हणाली, ‘तुम्ही रोजच्यासारखं वागा.’ रोजच्यासारखं वाग म्हटलं की माणसाला चालताही येत नाही. मी बाबांना चहा दिला तोही बशीत सांडून.

दुपारच्या आधी बाबांचं आणि माझं वाजलं. कशावरून ते सोडा, गोळ्यांवरून. यंत्रातून दोन शब्द बाहेर पडतायत तोच बाबांनी कव्हर मिटलं. पुन्हा उघडलं तर काळा पडदा. मी बटण दाबून धरलं आणि यंत्र सुरू झाल्यावर बाजूला झालो. दाराच्या फटीतून वहिनी बघतच होती.

यंत्राच्या वरच्या कोपऱ्यात वेळ आणि तारीख असते. तिथे बाबांच्या जन्माच्याही आधीचं कुठलं तरी साल आलेलं होतं. मी ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रोज बटण दाबून मी जिन्याकडे वळायचो. बाबांनी भुवई आवळली, चष्मा सरळ केला, बोटाने कोपऱ्यावर टकटक केलं आणि साल, महिना, दिवस, एकेक करून सगळं बरोबर लावलं. मग समाधानाने मागे टेकले. इतकी वर्षं जे केलं तेच.

‘बाबा, तुम्ही!’ वहिनी दार ढकलून बाहेर आली. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

बाबा दचकले. मग अक्षरं जुळवून म्हणाले, ‘घड्याळ चुकलं होतं. लावलं.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळ्या ऑफिसावर, नवऱ्यावर, दिरावर संशय घेऊन झाला, आणि ज्याच्याकडे तोंडच नव्हतं त्याला विचारायचं राहून गेलं.

मग तिने आम्हाला खुलासा केला. यंत्र झोपवणं म्हणजे भरलं घर झोपवण्यासारखं असतं. एकेकाला सांगत जायचं: तू झोप, आता तू झोप. पडदा लवकर झोपतो. त्यामुळे पुढे अंधारात कुणी कोसळलं तर सांगायला कुणी जागं नसतं. साक्षीदारालाच आधी झोपवलेलं. आणि बटण दाबून नव्याने सुरू केलं की आतल्या सगळ्यांना विसर पडलेला. जागं राहतं ते एकटं घड्याळ, कारण त्याची छोटी बॅटरी वेगळी असते. म्हणून तिने घड्याळालाच साक्षीदार केलं होतं. प्रत्येकाला झोपवायच्या आधी कर्नल घड्याळात एक खोटी तारीख लिहायचा, पडद्याची एक, आवाजाची दुसरी, बोटाच्या स्पर्शाची तिसरी. सगळे नीट झोपून नीट उठले की खरी तारीख परत. मधेच मेलं तर ज्याच्यापाशी मेलं त्याची खोटी तारीख तशीच राहणार. आणि बाबा ती दर वेळी खरी करून ठेवत होते.

‘मग हे आम्हाला आधी सांगायला काय झालं होतं?’ मी विचारलं.

‘सांगितलं की माणसं शहाण्यासारखी वागायला लागतात,’ ती म्हणाली. ‘मग चूक सापडत नाही.’

‘आज तरी पाहिलंस ना कोणती तारीख होती?’

‘दाराच्या फटीतून? साल नक्की काय होतं ते कशावरून सांगू?’ मग ती बाबांच्या खुर्चीपाशी खाली बसली. ‘बाबा, आता एकदाच. पुढच्या वेळी हे चुकीचं दिसलं तर चुकीचंच राहू द्या. मी येईपर्यंत. कोणी लावायचं नाही.’

बाबा तिच्याकडे बघत राहिले. कुणी त्यांना इतक्या वर्षांत असलं काही मागितलं नव्हतं. शेवटी त्यांनी मान हलवली, पण कशी, तर दात काढू द्यायला तयार झाल्यासारखी.

पुढची वेळ दोन-तीन दिवस येईना. बाबा चांगल्या मनःस्थितीत होते. वहिनीचं काम आपल्या हातून घडतंय असं त्यांना वाटत असावं. बैठक जवळ आली. वहिनी मला म्हणाली, ‘भाऊजी, तुम्ही म्हणाला होतात ना, रागावले की मरतं?’

‘विनोद होता तो.’

‘कशावरून?’ ती म्हणाली आणि ऑफिसला गेली.

मी समजलो. बाबांना राग आणणं या एका विषयात माझा हात धरणारं घरात कुणी नाही. दुपारी वर गेलो आणि म्हटलं, ‘बाबा, दुकानातलं तुमचं मोठं लंबकाचं घड्याळ मी काढतोय. त्या जागी मोबाईलच्या कव्हरांचा रॅक बसेल.’ बाबांचं बोट पडद्यावर तरातरा चाललं. यंत्र बातम्यांच्या आवाजात म्हणालं, ‘तू एक नंबरचा…’ आणि खाडकन कव्हर. पुढचा शब्द माझा मी पुरा केला, त्याला संशयाची गरज नव्हती.

उघडलं. काळा पडदा. सुरू केलं. कोपऱ्यात भलतंच साल.

मी वहिनीला फोन लावला. ‘मी वाचून दाखवतो, लिहून घे.’

‘नको. मी येते संध्याकाळी. काम सोडून निघता येत नाही. कुणी हात लावू नका.’

‘अगं, तारीख वाचता येते मला!’

‘नीट वाचाल कशावरून?’

मी फोन ठेवला. सांगून ठेवतो, त्या क्षणी मीच ती तारीख पुसून टाकणार होतो. पण बाबांकडे लक्ष गेलं आणि राग तिथेच राहिला. त्यांचं डावं बोट कोपऱ्याकडे निघालं होतं. अर्ध्या वाटेवर थांबलं. मागे आलं. परत निघालं. मग त्यांनी तो हात आपल्या मांडीखाली दाबून धरला, शाळेतल्या मुलाने धरावा तसा. थोड्या वेळाने खिशातून रुमाल काढून पडद्यावर टाकला. रुमालातून आकडे दिसतात की काय अशी शंका आली असावी, कारण नंतर खुर्चीच वळवून भिंतीकडे तोंड केलं.

म्हणजे दुपारभर ते बोललेच नाहीत. बोलायचं तर रुमाल काढायला हवा, आणि रुमाल काढला तर घड्याळ दिसणार. पाणी हवं होतं तर काठीने जमिनीवर ठोकलं. मी वर आलो, पाणी दिलं आणि शेजारी बसलो. म्हटलं, ‘लंबकाचं घड्याळ काढत नाहीये. तिथेच राहणार.’ त्यांनी मान हलवली. ते त्यांना आधीच माहीत होतं असं मला वाटतं.

संध्याकाळी वहिनी आली. रुमाल उचलला, तारीख पाहिली आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून मटकन खाली बसली.

‘आवाज,’ ती म्हणाली. ‘पडदा नाही. आवाज झोपवताना मेलं.’

मग सगळं सरळच होतं. यंत्र बोलत असताना, शब्द तोंडात असताना कव्हर मिटलं की कर्नल आवाजाला झोप म्हणायचा, आणि आवाजाच्या हातात उरलेले शब्द तसेच असायचे. झोपलेल्याच्या हातात कर्नल पुढचे शब्द ठेवायला जायचा आणि तोल जाऊन सगळंच कोसळायचं. ऑफिसातले तपासणारे सगळे सभ्य लोक. यंत्राचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायचे आणि मग कव्हर मिटायचे. शेवटच्या शब्दाला न थांबणारी माणसं फक्त घरांत राहतात.

‘म्हणजे माझा विनोद खरा होता,’ मी म्हटलं.

‘अर्धा,’ ती म्हणाली. ‘रागाने नाही, घाईने.’

दुसऱ्या दिवशी ती पडदेवाल्याच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, ‘तुमचा पडदा चांगला आहे.’ त्याने वर न बघता विचारलं, ‘कशावरून?’ हे तिने स्वतः घरी येऊन सांगितलं आणि दादाही हसला, बऱ्याच दिवसांनी.

तिने दुरुस्ती केली ती अशी की आवाज आता उरलेले शब्द उराशी धरून झोपणार, आणि उठला की आधी ते बोलून टाकणार. ऑफिसात बोलता-बोलता मिटून बघितलं, शेकडो वेळा. उठलं. साहेब म्हणाले, झालं, बैठकीत सांगून टाकू. वहिनी म्हणाली, ‘ऑफिसात तर ते आधीही मरत नव्हतं. ज्या घरात मेलं त्या घरात बघते, मग सांगा.’ साहेबांनी हात जोडले.

सुट्टीच्या सकाळी तिने आम्हा सगळ्यांना बाबांच्या टेबलाभोवती बसवलं. ‘पहिल्यांदा मेलं तेव्हा होतं तसं सगळं हवं,’ ती म्हणाली. ‘तीच जागा, तीच माणसं, तेच वाक्य.’

‘वाक्य कुठलंही चालेल की,’ मी म्हटलं.

‘कशावरून?’

दादा उठला. ‘मला ते परत ऐकायचं नाही.’

‘बस,’ वहिनी म्हणाली. ‘त्या दिवशी तू इथेच होतास.’ दादा बसला, पण दाराकडे तोंड करून.

 बाबांनी एकदा वहिनीकडे बघितलं, एकदा दादाच्या पाठीकडे. मला वाटलं, नाही म्हणणार. मग त्यांनी यंत्र ओढलं. बोट सावकाश चालत होतं. मी डोकावलो नाही. मला माझं नाव त्यात निघण्याची आता भीती वाटू लागली होती. इतक्या दिवसांत दादाचं ते कडू तोंड पाहून माझी सगळी हौस फिटली होती. बाबांनी बोल दाबलं.

‘तुझ्यापेक्षा मला…’

खाडकन कव्हर.

 ‘उघडा, बाबा,’ वहिनी म्हणाली. बाबांनी पंजा कव्हरवर पसरून ठेवला होता. तिने त्यांचा हात काढला नाही, थांबली. मग बाबांनीच हात उचलला आणि यंत्र टेबलावरून दादाकडे सरकवलं.

दादाने ते उघडलं. पडदा उजळला, आणि तो भरदार आवाज, बातमी सांगावी तसा, उरलेलं बोलून गेला:

‘जास्त भीती वाटते.’

यंत्र जगलं होतं. कोपऱ्यात तारीख बरोबर होती. बाबांचा आवाज कुणी परत मागवणार नव्हतं. पण वहिनीने तिकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिच्या तोंडून तो शब्द निघायची वाट बघत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो निघाला नाही. दादाचा हात यंत्रावर तसाच होता. इतके दिवस आम्ही दोघांनी त्या वाक्यात आपापली भांडणं भरली होती, आणि त्यात एक घाबरलेला म्हातारा होता. त्याने ते एकदाच बोलून बघितलं होतं, आणि लाज वाटून वर झाकण लावलं होतं.

दादाने खुर्ची ओढून बाबांच्या अगदी जवळ घेतली. ‘अजून काही म्हणायचं होतं का त्या दिवशी?’

बाबांनी यंत्र आपल्याकडे घेतलं. दोनच शब्द जुळवले.

‘पाठवू नकोस.’

यंत्राचं बोलून पुरं झालं. बाबांचा हात कव्हरच्या कडेला होता, पण त्यांनी ते मिटलं नाही. मान वर करून दादाकडे बघत बसले. बाबांना उत्तराला थांबलेलं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे दादाला आधी कळेचना की आता आपण बोलायचं आहे.

‘नाही पाठवत, बाबा,’ तो म्हणाला.

मग बाबांनी कव्हर मिटलं, अगदी सावकाश. आणि वहिनीने डोळे पुसत लगेच ते पुन्हा उघडून बघितलं.